थोडं मागे सरका

फोटो काढणारा माणूस समोरच्यांना कायम एकच हुकूम सोडत असतो, ‘थोडं मागे सरका.’ मोठ्या शहरातल्या नामांकित वास्तू बघत हिंडायला लागलं की हा हुकूम उलटून आपल्यावरच येतो, कारण इमारत काही सरकणार नसते. तिच्या पायथ्याशी उभं राहून फोन वर केला की ती मागे रेलल्यासारखी दिसते, दोन्ही कडा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. यात बिचाऱ्या इमारतीचा दोष नाही आणि लेन्सचाही नाही. कॅमेरा वर कलला की उभ्या समांतर रेषा अशाच जवळ येणार. रेषा सरळ करून देणारी महागडी लेन्स असते, फोनमध्ये तशी सोयही असते. पण फोनमधली सोय वापरली की फोटोच्या कडा कातरल्या जातात आणि नेमका कळस जातो. हौशी माणसाला परवडणारा उपाय म्हणजे मागे जाणं. आणि दाटीवाटीच्या शहरात मागे जायला जागा बहुधा बागेतच मिळते.

आयफेल टॉवरचंच घ्या. उंची ३३० मीटर. फोन उभा धरून, जराही न कलवता तो अख्खा फ्रेममध्ये बसवायचा, तर साध्या लेन्सला साधारण पाचशे मीटर मागे जावं लागतं. पॅरिसच्या कुठल्या रस्त्यावर एवढी मोकळीक मिळणार? ती मिळते शाँ द मार्समध्ये. टॉवरच्या पायाशी पसरलेली ही बाग एकेकाळी लष्कराच्या कवायतीचं मैदान होती. पण खरी गंमत पुढे आहे. फोन सरळ धरला की क्षितिज फोटोच्या मधोमध येतं. म्हणजे टॉवर वरच्या अर्ध्या भागात, आणि खालच्या अर्ध्यात नुसती जमीन: हिरवळ, पायवाट, बाक, आडवी पडलेली सायकल, कुणाचं तरी भोकाड पसरलेलं पोर. वास्तूचा नीट फोटो काढायला गेलेला माणूस नकळत निम्मा फोटो बागेचा काढून येतो. बरेच जण घरी आल्यावर तो भाग छाटून टाकतात. मी छाटत नाही. वरचा अर्धा भाग सगळ्यांकडे जवळपास सारखाच असतो, खालचा मात्र ज्याचा त्याचा.

अर्थात खालच्या भागात गर्दीही येते, आणि गर्दीवर कुरकुर करणं हा आम्हा हौशी मंडळींचा आवडता उद्योग. तिला घालवायची युक्ती मात्र कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. १८३८ साली छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचं उंचावरून छायाचित्र घेतलं. प्रकाश टिपायला काही मिनिटं लागली. तेवढ्या वेळात गाड्या गेल्या, माणसं गेली, त्यातलं कुणी उमटलं नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस. आजही लेन्सवर गडद फिल्टर लावून, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून शटर बराच वेळ उघडं ठेवलं तर चालणारे पुसले जातात आणि बाकांवर टेकलेले तेवढे राहतात. मला ही निवड पटते. (रखवालदाराला तिकाटणं पटेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी त्याला परवानगी लागते.)

काही बागा मात्र इमारती दाखवायला तयारच नसतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ साली केला, तो शहर विसरायला लावण्यासाठी. कडेने झाडांचा पडदा लावला. आडवे जाणारे चार रस्ते बागेच्या पातळीखाली खोल नेले, म्हणजे वाहतूक डोळ्यांआड राहील. झाडं वाढून वाढून किती वाढणार? त्याच बागेचं नाव लावणारा सेंट्रल पार्क टॉवर ४७२ मीटर उंच आहे. तिथे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला पावलोपावली ठरवावं लागतं, आराखडा करणाऱ्यांची बाजू घ्यायची की बिल्डरांची. एक पाऊल डावीकडे टाकलं की मनोरा फांदीमागे जातो, उजवीकडे टाकलं की तळ्यात उतरतो. मी बहुतेकदा उजवीकडेच झुकेन, हेही सांगून टाकते.

मागे जाण्याचं टोक गाठलंय ते लंडनने. रिचमंड पार्कमध्ये किंग हेन्रीज माउंड नावाचा उंचवटा आहे. तिथल्या झाडीत राखलेल्या फटीतून सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दिसतो, तब्बल सोळा किलोमीटरवरून. मधे उंच इमारती उभ्या राहू नयेत म्हणून शहराच्या नियोजनात ही दृष्टिरेषा जपलेली आहे. घुमटाच्या मागे मात्र स्ट्रॅटफर्डमधला एक नवा मनोरा उभा राहिलाच, आणि त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली. एवढी खटपट कशासाठी, याचा हिशेब करून पाहावा. कॅथेड्रल १११ मीटर उंच. सोळा किलोमीटरवरून ते पौर्णिमेच्या चंद्राहून थोडं लहानच दिसणार. फोनने काढलेले चंद्राचे फोटो कसे येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आपण ते काढतो, दर पौर्णिमेला काढतो, आणि लोकांना पाठवतोही.