कोलेस्टेरॉलची सपाट बाजू

रविवारी रेणूंची मॉडेलं जोडायचं किट काढून कोलेस्टेरॉलचा रेणू बनवायला बसलो. आईचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला होता, ती सारखी विचारत होती की हे असतं तरी काय, दिसतं कसं, म्हटलं थांब दाखवतोच तुला. 27 कार्बन, 46 हायड्रोजन, एकच ऑक्सिजन. सहाच्या तीन रिंगा, पाचची एक, कडेला कड लावून, आणि टोकाला 8 कार्बनची शेपटी. सगळं जोडून झालं आणि बघतो तर पाचच्या रिंगपाशी सांगाडा चक्क वाकलेला! बराच वेळ शोधल्यावर कळलं, 14 नंबरच्या कार्बनवरचा हायड्रोजन वरच्या अंगाला लागला होता, तो खाली हवा. तिथले दोन बाँड काढून अदलाबदल केली आणि आख्खा सांगाडा फळीसारखा सरळ.

असे कायरल कार्बन, म्हणजे ज्यांना जोडलेले गट आरशातल्यासारखे दोन उलट तऱ्हांनी लागू शकतात असे, ह्यात 8 आहेत (3, 8, 9, 10, 13, 14, 17 आणि 20). प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणजे कागदावर 256 रूपं होतात आणि आपलं शरीर त्यातलं नेमकं एकच बनवतं. मला हे दरवेळी तितकंच थक्क करतं.

कारण सगळं काम त्या आकारावरच चालतं. 10 आणि 13 नंबरच्या कार्बनवरचे दोन मिथाइल (CH3 गट) वरच्या बाजूला उभे, 3 वरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि शेपटीसुद्धा तिकडेच, खालची बाजू मात्र गुळगुळीत सपाट. पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये (पातळ आवरणात) ओएच पाण्याकडे तोंड करून राहतो आणि ही सपाट बाजू सॅच्युरेटेड फॅटी अ‍ॅसिडच्या सरळ शेपट्यांना लगटून बसते.

स्टेरॉलवरच्या (कोलेस्टेरॉल ज्यात मोडतं त्या गटावरच्या) कामासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंडाउसला 1928 चं नोबेल मिळालं, पण तेव्हा मानलेली रिंगांची जोडणी चुकीची होती. 1932 मध्ये स्फटिकशास्त्रज्ञ बर्नालने स्टेरॉलचे स्फटिक एक्स-रेने मोजले तर रेणू लांब आणि पातळ निघाला, जुन्या रचनेत तो बसेचना, आणि त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ रोझेनहाइम आणि किंग यांनी रिंगा नीट मांडल्या. नुसत्या लांबी-रुंदीवरून चूक सापडली, मला तर हा भाग सगळ्यात आवडतो.

आणि तो वाकलेला सांगाडा? तोही निसर्गात आहे, आमच्या गेटजवळच्या कण्हेरीत. तिच्या विषाच्या रेणूत ह्याच चार रिंगा असतात, पण 14 वर ओएच, तोही वरच्या बाजूला, म्हणून शेवटची रिंग वळते (पहिलीही वळते). हे विष थेट हृदयावर जातं.

आई मॉडेल हातात धरून आडवं-उभं करून बघत होती. म्हणाली, शेपूट हलतंय रे, बाकीचं नाही हलत. बरोबर आहे तिचं, मेम्ब्रेनमध्येही तसंच असतं, रिंगा ताठ आणि शेपूट वळवळतं.