दंड तेवढाच, मग ताकद आली कुठनं?

सांगलीत फिजिओथेरपी करायची म्हटल्यावर तालमीतली मंडळी येणारच. खांदा निखळला, गुडघा सुजला, की आमच्याकडं. आणि जाता जाता कुणातरी पोराचा बाप हमखास विचारतो, "डॉक्टर, महिन्याखाली पोराला साखरेचं पन्नास किलोचं पोतं मांडीच्या वर न्यायला यायचं नाही. आता खांद्यावर टाकतंय. टेप लावून बघितला, दंड तेवढाच. मग ताकद आली कुठनं?"

तुम्ही विचारलंत म्हणून आधी एक करून बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता मूठ आवळा. आवळत नाही ना? पैलवानांना हे न शिकवता कळतं: समोरच्याचं मनगट आत वाकवलं की त्याची पकड ढिली पडते. स्नायू तोच, पण आतली मांडणी बिघडली. स्नायूच्या तंतूत अडीच मायक्रोमीटरच्या आसपास लांबीचे कप्पे ओळीनं असतात. त्यात दोन प्रथिनांच्या काड्या, ॲक्टिनच्या बारीक आणि मायोसिनच्या जाड, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावीत तशा. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात, सोडतात, पुन्हा पुढं धरतात. काड्या आखूड होत नाहीत, एकमेकींवर सरकतात. हे 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकदमच मांडलं. कप्पा फार आखडला किंवा फार ताणला, तर धरायला नीट जागाच उरत नाही. गंमत म्हणजे पकड सोडायलाही एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. मेल्यावर अंग ताठरतं ते म्हणूनच.

पण ओढायचा हुकूम मणक्यातल्या मज्जारज्जूतून येतो. एक चेतापेशी तंतूंचा एक जथा सांभाळते. डोळ्याच्या स्नायूत जथ्यात मोजके तंतू, पोटरीत हजाराच्या घरात. चेतेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, तंतूत कॅल्शियम मोकळं होतं आणि त्या जथ्यातले सगळे तंतू एकदम ओढतात. निम्मेच ओढले असं होत नाही. मग चहाचा कप हळू आणि पोतं जोरात, हे कसं जमतं? कपाला छोटे जथे पुरतात. वजन वाढेल तसे मोठे उठतात, आणि हुकूमही भराभर येऊ लागतात. एका हुकमाचा झटका ओसरायच्या आत दुसरा आला की जोर साठत जातो.

नवख्या पोराचे मोठे जथे सगळे उठतच नाहीत. वर उचलताना उलट बाजूचा स्नायूही आवळून धरतो, म्हणजे स्वतःच स्वतःला मागं ओढतो. महिनाभर सराव केला की जास्त जथे उठतात, हुकमांचा वेग वाढतो, उलटा स्नायू सैल सोडायला शिकतो, पोतं कुठं धरायचं तेही अंगवळणी पडतं. दंड मात्र सावकाश भरतो.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते 57 किलोच्या गटात. नुसत्या दंडाच्या मापावर माणूस जोखणाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

परवा एका बापानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बदाम बंद करू?"

म्हटलं, बदाम चालू ठेवा. टेप तेवढा दोन-तीन महिने कपाटात ठेवा.