काजव्यांचे तेच छायाचित्र

८ जून, रात्र

मे महिना सरत आला की भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी आणि राजमाची इथल्या काजव्यांचे रील फोनवर दिसू लागतात. यंदा त्यांतले बरेचसे मी मुद्दाम शेवटपर्यंत पाहिले, कारण नुकताच मी भंडारदऱ्याजवळच्या मुरशेत गावी मुक्काम करून आलो आहे आणि तिथे जे डोळ्यांनी पाहिले त्याचा या रीलशी काडीचा मेळ बसत नाही. सगळीकडे तीच धून, तोच आकाशातून खाली झेपावणारा ड्रोन, ‘पुण्या-मुंबईपासून अवघ्या काही तासांवर’ हे तेच पहिले वाक्य. याहून संताप आणणारी गोष्ट अशी की निरनिराळ्या लोकांच्या नावाखाली एकच छायाचित्र फिरते आहे, ज्यात एक मोठे झाड हजारो पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकाच वेळी उजळलेले दिसते. कोपऱ्यातली मूळ छायाचित्रकाराची सही कोणी कापली आहे, तर कोणी तिच्यावर स्वतःच्या खात्याचे नाव चिकटवले आहे.

असे छायाचित्र खोटे नसते, पण ते घेण्याची रीत ठाऊक असलेला माणूस त्याबद्दल दोन शब्द बोलल्यावाचून राहणार नाही. तिवईवर कॅमेरा लावून, त्याची झडप (शटर) बराच वेळ उघडी ठेवून, एकाच जागेवरून पुष्कळ चित्रे घेतली जातात आणि नंतर ती संगणकावर एकावर एक चढवली जातात. म्हणजे जो प्रकाश तासाभरात सांडतो तो एका चौकटीत गोळा होतो. प्रत्यक्षात झाड असे लखलखत उभे राहत नाही. आधी काळोख असतो, मग एखाद्या फांदीवर थोडे काजवे उघडमीट करू लागतात, शेजारच्या फांदीवरचे त्यांच्या तालात मिसळतात, आणि मग ती लय वरून खाली वाहत गेल्यासारखी साऱ्या झाडावर पसरते आणि एकदम थांबते. पुन्हा काळोख. त्या काळोखाच्या क्षणी आपण श्वास रोखून धरलेला असतो. जो माणूस तिथे डोळे उघडे ठेवून उभा राहिला आहे त्याला सर्वांत आधी हे थांबणे सांगावेसे वाटेल, पण मी पाहिलेल्या एकाही रीलमध्ये त्याचा उल्लेख नाही. त्यावरून माझी खात्री झाली आहे की यांतील कित्येकांनी काजवे नीट पाहिलेलेच नाहीत. त्यांनी एकमेकांचे रील पाहिले आहेत.

फोनचा कॅमेरा त्या अंधारात फारसे काही टिपू शकत नाही, हे त्यांना तिथे पोहोचल्यावर कळते आणि मग दिवे लावले जातात. मुरशेतच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका सादड्याच्या झाडाखाली मी हे जवळून पाहिले. एका तरुणाने तिवईवर गोल दिवा लावला होता, मित्र फोन धरून उभा होता, आणि तो तरुण झाडाकडे पाठ करून ‘मित्रांनो, ही जादू तुम्ही आयुष्यात एकदा तरी अनुभवलीच पाहिजे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, कारण दर वेळी मागून येणाऱ्या गाडीचा कर्णा मध्ये येत होता. दिवा लागल्यापासून त्या झाडावरचे काजवे मंद होत गेले आणि थोड्या वेळाने ते झाड पूर्ण अंधारात गेले. आमच्याबरोबर आलेला गावातला वाटाड्या पोरगा पुढे होऊन म्हणाला, “दादा, तेवढी लाईट बंद करा, काजवं गप झालं बघा.” त्यावर ‘फक्त दोन मिनिटं’ असे उत्तर आले. दिवा मात्र त्याचे वाक्य मनासारखे होईपर्यंत चालू राहिला. पाठीमागचे झाड विझले आहे हे त्याने वळून पाहिलेही नाही, आणि पाहण्याची त्याला गरजही नव्हती, कारण झाडाचे चित्र त्याच्याकडे आधीपासून तयार होते.

त्या दिव्याने नेमके काय बिघडते हे मला लिहून ठेवायचे आहे. काजव्याचे चमकणे म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. नर उडताना ठरावीक लयीत प्रकाश फेकतो आणि मादी तिच्या जागेवरून उत्तर देते. आजूबाजूला मोटारींचे दिवे आणि फोनच्या बॅटऱ्या असल्या की ही साद दिसतच नाही. काजव्यांच्या अळ्या कित्येक महिने पालापाचोळ्यात आणि मातीत गोगलगाईंवर जगतात, आणि पंख फुटल्यानंतर त्यांच्या वाट्याला मोजके दिवस येतात, त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक रात्र पुढच्या पिढीतून वजा होते. काही जातींच्या मादीला पंख नसतात, ती गवतात जमिनीलगत बसलेली असते, आणि ‘चांगला अँगल’ मिळावा म्हणून रस्ता सोडून आत शिरलेल्या माणसाच्या पायाखाली ती सहज चिरडली जाते. हे सांगायला अर्धा मिनिट पुरतो. ज्यांचे लाखो अनुयायी आहेत त्यांनी हा अर्धा मिनिट खर्च केला असता तर शनिवारच्या रात्री भंडारदरा धरणाभोवतीच्या रस्त्यावर प्रखर दिवे लावून सरकणाऱ्या गाड्यांच्या रांगेत थोडा तरी फरक पडला असता, असे मला मनापासून वाटते.

भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात येते तिथल्या दुसऱ्या ठिकाणांचीही हीच गत आहे. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. आत कंबरभर गार पाण्यात मोठे शिवलिंग आहे, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच आज शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगे आणि शेवटचा खांब पडला की कलियुग संपणार, ही लोककथा प्रत्येक रीलमध्ये त्याच शब्दांत आणि जवळपास त्याच घोगऱ्या आवाजात ऐकू येते. लोककथा सांगण्यात काहीही गैर नाही, गावातली म्हातारी माणसेही ती सांगतात. पण त्याच आवारात चांगदेवांचे नाव असलेले शिलालेख आहेत, शके १२३४ म्हणजे इसवी सन १३१२ मध्ये चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच डोंगरावर सिद्ध केला, आणि मराठीच्या इतिहासात त्या ओव्यांना मानाचे स्थान आहे, याचा एकाही मराठी इन्फ्लुएन्सरला पत्ता असू नये याचे मला अतोनात दुःख होते. स्वतःला ‘सह्याद्रीवेडे’ म्हणवणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे ही अपेक्षा मी अजिबात मोठी मानत नाही. सांदण दरीचेही तसेच. साम्रदजवळची ती अरुंद कातळभेग पावसाळ्यात पाण्याची वाट असते आणि वर कुठे जोराचा पाऊस झाला तर आत असलेल्या माणसाला पळायला जागा नसते. तरीही उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात घेतलेली दृश्ये जून-जुलैत ‘या वीकेंडला नक्की जा’ अशा मथळ्याने पुन्हा टाकली जातात. दृश्य कोणत्या महिन्यातले आहे हे न सांगणे या बाबतीत जिवावर बेतू शकते.

या सगळ्यांपेक्षा मला अधिक लागते ती गावाविषयीची बेपर्वा बडबड. ‘ना नेटवर्क, ना टेन्शन, इथली माणसं किती सुखी’ हे वाक्य या भागातल्या प्रत्येक रीलमध्ये कुठे ना कुठे येतेच. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात एखाद्या पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे पाऊस पडतो. ते पाणी धरणांत आणि नदीने खाली जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच डोंगरातल्या कितीतरी वाड्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन आटलेल्या विहिरीपर्यंत चालत जातात. भाताचे एक पीक निघाले की घरातली तरणी माणसे मजुरीसाठी नारायणगावकडे जातात आणि तिथल्या स्टँडवर सकाळी कामाची वाट पाहत उभी राहतात. नेटवर्क नसल्यामुळे अडलेल्या बाळंतिणीसाठी गाडी वेळेत बोलावता येत नाही, याला ‘टेन्शन नसणे’ म्हणणाऱ्या माणसाने गावातल्या कोणाशी पाच मिनिटेही बोललेले नसावे. एका रीलमध्ये उतारावरचे काळे चौकोन दाखवून ‘लोकांनी लावलेल्या वणव्याने’ डोंगर जळाल्याची हळहळ व्यक्त केली होती. ते राब होते. भाताची रोपे तयार करण्यासाठी पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून जमीन भाजतात, आणि पाऊस लागला की त्याच चौकोनांत रोपे उगवून पुढे त्यांची आवणी, म्हणजे लावणी, होते. शेजारच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला विचारले असते तरी कळले असते. तोच माणूस त्या दृश्यात, चौकटीच्या कडेला, खांद्यावर फावडे घेऊन उभा दिसतो.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मावशींनी रात्री नाचणीची भाकरी, हुलग्याची उसळ आणि लाल भात वाढला. बोलता बोलता त्यांनी सांगितले की गेल्या पावसाळ्यात शहरातून आलेल्या काही जणांनी त्यांना आवणीच्या चिखलातून बाहेर बोलावून, त्यांचे पावसात पांघरायचे इरले मागून घेतले, ते डोक्यावर घेऊन बराच वेळ चित्रीकरण केले आणि जाताना इरले बांधावर टाकून गेले. त्यांना राग इरल्याचा नव्हता. “माझं नावसुद्धा इचारलं नाही बाबा,” एवढेच त्या म्हणाल्या आणि पुन्हा भात वाढू लागल्या. ज्या भाताला रीलमध्ये सरसकट ‘गावरान’ म्हणतात त्याची काळभात, जिरवेल, रायभोग अशी नावे त्यांना तोंडपाठ आहेत. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान विचारायला कुठे जावे हे शोधण्याची अडचण इथे कोणालाही नाही.

पैशाचा व्यवहारही स्वच्छ नाही. धरणाकाठच्या तंबूंच्या छावण्यांत फुकट राहून, कधी वर मानधन घेऊन, ‘मला सापडलेली भन्नाट जागा’ म्हणून त्यांची भलामण केली जाते. जाहिरात असेल तर तसे ठळकपणे सांगावे, असे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांतून सांगितले आहे. फुकट मुक्कामही त्यात मोबदला म्हणूनच धरला जातो. मी पाहिलेल्या रीलमध्ये तसा खुलासा अगदी क्वचित होता.

चांगले काम करणारेही आहेत आणि त्यांचे मोल मी जाणतो. आमचा वाटाड्या पोरगा स्वतः छोटे छोटे व्हिडिओ टाकतो. त्यात आई कोळूची भाजी निवडताना दिसते, आजोबा हिरडा वाळवतात, पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे खेकडे दिसतात, आणि प्रत्येक गोष्टीचे नाव तो स्वतःच्या बोलीत सांगतो. त्याला पाहणारे थोडे आहेत. काजव्यांच्या व्हिडिओत त्याने चक्क काळोख दाखवला आहे, मध्ये मध्ये बारीक ठिणग्या आहेत आणि तो हळू आवाजात सांगतो की बॅटरीला लाल कागद लावा, गाडी गावात ठेवा, झाडाखाली जाऊ नका. त्याच्याकडून आमच्या सोबतच्या सर्वांनी लाल जिलेटीनचे तुकडे घेतले आणि त्याचे पैसे त्याने मोठ्या मिनतवारीने स्वीकारले.

आज संध्याकाळी मी त्या सादड्याखालच्या तरुणाचे खाते शोधून काढले. रील आले आहे, मागे झाडाच्या जागी तेच उसने छायाचित्र चिकटवलेले आहे. मी त्याला सभ्य भाषेत लिहिले की छायाचित्र ज्याचे आहे त्याचे नाव द्यावे, ते कसे तयार होते हे सांगावे, आणि दिवे न लावण्याची सूचना मथळ्यात घालावी, कारण हंगामाची अखेरची गर्दी अजून व्हायची आहे. संदेश वाचल्याची खूण दिसते आहे, उत्तर नाही. उद्या पुन्हा लिहीन, आणि त्या पोराच्या व्हिडिओचा दुवाही सोबत पाठवीन.