स्टेपनीचं कव्हर

जालन्याच्या मे महिन्याच्या उन्हात कायम उघड्यावर असणाऱ्या जीपची मागची स्टेपनी बघा. चाक कधी रस्त्याला लागलेलं नसतं, तरी कडेला बारीक चिरा. ऊन आणि हवेतला ओझोन रबर खातात.

पहिल्या मोटारींना जादा चाकच नसायचं. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेलीत आऱ्यांविना, हवा भरलेलं चाक निघालं. पंक्चर चाकालाच ते बाजूनं आवळायचं. पुढं जादा टायर फूटबोर्डवर, मागे टांगले गेले अन् त्यांना ऑइलक्लॉथची कव्हरं आली. नंतर पत्र्याचीही.

आम्ही रेक्झिनची शिवतो. इलास्टिक मी घालतच नाही, एका उन्हाळ्यात ढिलं पडतं. नायलॉनची दोरी ओवतो. पाणी निघायला खाली भोकही लागतं. गिऱ्हाईकाला मात्र आधी त्यावर वाघ पाहिजे!