खर्जातून निघालेला गांधार: घरच्या मॉड्युलर सिंथेसायझरवर तानपुरा

परवा रात्री गांधार ऐकू आला. कुठल्याही ऑसिलेटरला (स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटला) मी गांधार दिलेला नव्हता. काळी 1 चा खर्ज (खालचा षड्ज), म्हणजे 69.3 हर्ट्झची एकच सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी लहर), आणि तिच्यावरून वरून खाली सावकाश उतरणारा फिल्टर (ठरावीक कंपनसंख्याच पुढे सोडणारा), एवढंच चालू होतं. फिल्टर 346 हर्ट्झच्या आसपास आला आणि खोलीत स्वच्छ ग उभा राहिला. आई भाजी चिरत होती, ती तशीच ओल्या हातानं दारात आली आणि हळू आवाजात ग लावून थांबली. तिचा स्वर आणि स्पीकरमधला स्वर एकमेकांत मिसळून गेले. पाच महिने मी हेच शोधत होते, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

सिंथेसायझरचा रॅक सध्या 84 एचपीचा (एचपी म्हणजे 5.08 मिलिमीटर रुंदी), एकच ओळ. 3340 चिपवरचे दोन व्हीसीओ (व्होल्टेजनं स्वर बदलणारे ऑसिलेटर), दोन स्टेट व्हेरिएबल फिल्टर, दोन व्हीसीए (व्होल्टेजनं आवाज कमीजास्त करणारे), दोन एन्व्हलप (प्रत्येक छेडीचा चढउतार ठरवणारे), एक एलएफओ (संथ ऑसिलेटर), चार पायऱ्यांचा सिक्वेन्सर (स्वर क्रमानं देणारा), दोन सॅम्पल अँड होल्ड (व्होल्टेज धरून ठेवणारे) आणि मिक्सर. सगळं हातानं सोल्डर केलेलं. पॅनेल अण्णांनी इथल्या, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या त्यांच्या शॉपमध्ये 2 मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून काढून दिली. उंची 128.5 मिलिमीटर आणि रुंदी 5.08 च्या पटीत, हे युरोरॅकचं (अशा मॉड्युलच्या प्रमाणित आकाराचं) माप जर्मन सिंथेसायझर निर्माते डीटर डोप्फर यांनी नव्वदच्या दशकात रूढ केलं. अण्णांना ते एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही. उलट 8 एचपीचा हिशोब 40.64 येतो, तर पत्रा 40.3 लाच कापायचा, हे त्यांनीच आधी ओळखलं. "शेजारी शेजारी बसवायचं म्हटल्यावर हवा ठेवाय लागती गं," एवढंच म्हणाले. डोप्फरच्या मापाच्या तक्त्यातही 40.3 च आहे.

आधी वीज, मग स्वर

पहिला महिना पॉवर सप्लायनं खाल्ला. 7812 आणि 7912 रेग्युलेटर (व्होल्टेज अधिक-उणे 12 वर स्थिर ठेवणारे), मागे 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर. दिवसा सगळं सुरळीत. संध्याकाळी सातनंतर मात्र मंद्र पंचम लावला की त्याच्याखाली थरथर सुरू व्हायची, सेकंदाला चार हेलकावे. मी व्हीसीओवर संशय घेतला, केबल बदलल्या, ग्राउंड पुन्हा ओढला. थरथर फक्त पंचमालाच का, खर्जाला का नाही, हा प्रश्न आधी पडायला हवा होता. काळी 1 चा मंद्र पंचम 104 हर्ट्झच्या किंचित खाली येतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ती रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणाऱ्या भागातून) गेली की लहर होते 100 हर्ट्झची. दोघांतला फरक चार. पंचम बिचारा विजेच्या घुरघुरीशी भांडत होता!

कारण अगदी साधं निघालं. संध्याकाळी व्होल्टेज 190 च्या आसपास उतरायचं. 12-0-12 मधून रेग्युलेटरला एरवी 16 व्होल्ट मिळतात, ते तेव्हा साडेतेराच्याही खाली यायचे. 7812 ला 12 व्होल्ट देण्यासाठी वर निदान 2 व्होल्टची मोकळीक लागते. ती संपली की लहर सरळ आरपार जाते. 15-0-15 चा ट्रान्सफॉर्मर बसवला, रेग्युलेटरला मोठे हीटसिंक लावले, आणि पंचम शांत झाला. नव्यानं सप्लाय बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: ट्रान्सफॉर्मर निवडताना आपल्या गल्लीतलं संध्याकाळचं व्होल्टेज मोजा, दुपारचं नको.

याच महिन्यात एक रिबन केबल उलटी बसली आणि फिल्टरच्या दोन आयसी गेल्या. तेव्हापासून प्रत्येक बोर्डावर उलट्या जोडणीपासून वाचवणारे डायोड घालते, आणि लाल पट्टी उणे 12 ची हे पॅनेलच्या मागे मार्करनं लिहून ठेवते.

त्रिकोणी लहर का फसली

तानपुऱ्याची तार साधारण मध्यावर छेडतात. आदर्श तार बरोबर मध्यात छेडली तर तिचा आकार त्रिकोणी होतो आणि तिच्यात फक्त विषम हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर) राहतात: पहिला, तिसरा, पाचवा. म्हणून मी मोठ्या विश्वासानं त्रिकोणी लहरीपासून सुरुवात केली. कागदावर सगळं बरोबर होतं, आवाज मात्र पोकळ यायचा. षड्जातून वरचा षड्ज निघतच नव्हता. निघणार कसा, दुसरं, चौथं, आठवं हार्मोनिक त्या लहरीत नाहीच.

उत्तर सी. व्ही. रामन यांच्याकडे मिळालं. तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीबद्दल त्यांनी 1921 मध्ये लिहिलं आहे. नेहमीच्या तारेत, जिथे छेडतो त्या जागी ज्या हार्मोनिकची गाठ असते तो हार्मोनिक उमटत नाही. तानपुऱ्यात उमटतो. कारण तार घोडीच्या धारेवर टेकत नाही, रुंद आणि किंचित उतरत्या पाठीवर लोळते. कंप पावताना तिचा टेकण्याचा बिंदू सतत सरकतो, आणि त्या सरकण्यातून नव्हते ते स्वरही जन्माला येतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा घालून आपण हेच सरकणं जागेवर आणतो.

ते वाचल्यावर त्रिकोण सोडला आणि सॉटूथ घेतली. तिच्यात सगळे हार्मोनिक असतात, क्रमानं कमी कमी होत जाणारे. मला वाटतं आपल्यापैकी बरेच जण तानपुऱ्याचा आवाज करताना ऑसिलेटर वाढवत जातात, एक षड्जाला, एक पंचमाला, एक गांधाराला. मीही व्हीसीव्ही रॅकमध्ये (संगणकावरच्या मॉड्युलरमध्ये) आधी तेच केलं. त्यातून छान कॉर्ड मिळते, जवारी, म्हणजे तानपुऱ्याची ती उलगडत जाणारी गुंज, मिळत नाही. जवारीचे स्वर एकाच तारेतून एकामागून एक वर यावे लागतात.

मिरजेची फेरी

आज्जीचा तानपुरा बरीच वर्षं भिंतीला टेकून होता, जवारी पार बंद झालेली. ऑगस्टमध्ये तो घेऊन मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत ज्यांच्याकडे दिला त्यांनी घोडीवर कानस अगदी हलक्या हातानं फिरवली, तार चढवली, ऐकलं, उतरवली, पुन्हा दोन हात मारले. तासभर हेच. प्रत्येक वेळी तार एकच, ताण तोच, पण स्वर थोडा थोडा उलगडत गेला. "गाणाऱ्या बाई कोण? आवाज कसा आहे?" हे त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, कारण जवारी किती खुली ठेवायची ते त्यावर ठरतं.

येताना गाडीत मी फक्त फिल्टरच्या रेझोनन्सच्या, म्हणजे धारेच्या, नॉबचा विचार करत होते. तोवर तो नॉब मी एकदा लावून सोडून द्यायचे. खुली जवारी म्हणजे फिल्टरची धार जास्त, बंद म्हणजे कमी, असं मनाशी धरल्यावर पॅचला, म्हणजे मॉड्युलच्या जोडणीला, दिशा मिळाली. एक फरक मात्र लक्षात ठेवा. घोडी प्रत्येक छेडीबरोबर स्वतःच बदलते, फिल्टरला तो बदल आपण हातानं द्यावा लागतो.

पॅच

तारांचा क्रम नेहमीचा: मंद्र पंचम, जोड, जोड (मध्य षड्जाच्या दोन तारा), खर्ज. ऑसिलेटर दोनच, म्हणून अ वर पंचम आणि दुसरी जोड, ब वर पहिली जोड आणि खर्ज. पायरी 1 आणि 3 चा गेट (छेड सुरू करणारा सिग्नल) अ ला, 2 आणि 4 चा ब ला. अशा वाटणीमुळे प्रत्येक स्वराला दोन ठोक्यांची गुंज मिळते आणि खर्ज विरत असताना त्याच्यावर पंचम येतो. दोन जोडी दोन वेगळ्या ऑसिलेटरवर असल्यानं त्यांच्यात केसाएवढा फरक राहतो. तो मी मुद्दाम ठेवला आहे.

सिक्वेन्सरची सीव्ही (स्वर ठरवणाऱ्या व्होल्टेजची) ओळ एकच आहे, त्यामुळे पायरी पुढे सरकली की मागचा स्वरही बदलेल. म्हणून प्रत्येक ऑसिलेटरच्या आधी एक सॅम्पल अँड होल्ड, त्याला त्याच गेटनं उचलायचं. इथे पावसानं फार छळलं. धरलेलं व्होल्टेज गळायचं आणि खर्ज दोन सेकंदांत उतरायचा. 1 व्होल्टला एक सप्तक, म्हणून 1 मिलिव्होल्ट म्हणजे सव्वा सेंटच्या आसपास (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग), त्यामुळे थोडी गळतीसुद्धा कानाला कळते. सॅम्पल अँड होल्डच्या एलएफ 398 चिपचा 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर काढून 100 चा पॉलिप्रॉपिलीन घातला, तर गळती दहा पटींनी कमी व्हायला हवी होती. तरीही उतरत होता. मग बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासून धुतला. सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला होता आणि दमट हवेत तोच व्होल्टेज पाझरवत होता. आता खर्ज हलत नाही.

फिल्टर दोन्ही बँडपासवर (मधला अरुंद पट्टाच सोडणारे), रेझोनन्स सेल्फ ऑसिलेशनच्या, म्हणजे फिल्टर स्वतःच वाजू लागतो त्याच्या, थोडा अलीकडे. एन्व्हलपचा अटॅक (चढायचा वेळ) 30 मिलिसेकंद, कारण तानपुऱ्याची तार ओढून सोडत नाहीत, बोट तिच्यावरून सरकतं. डिके (विरायचा वेळ) साडेचार सेकंद. तोच एन्व्हलप व्हीसीएला आणि ॲटेन्युएटरमधून (सिग्नल कमी करणाऱ्या नॉबमधून) फिल्टरलाही. कटऑफ (फिल्टर ज्या कंपनसंख्येवर असतो ती जागा) सुमारे 1500 हर्ट्झवरून निघून 300 च्या जवळ येऊन थांबतो. वाटेत तो खर्जाचा एकेक हार्मोनिक उजळत येतो: आठवा षड्ज 554 ला, सातवा 485 ला, जो कोमल निषादापेक्षाही उतरलेला आहे, सहावा पंचम 416 ला, आणि मग पाचवा, आपला गांधार. नुसता बँडपास ठेवला तर खालचा भरीवपणा जातो, म्हणून त्याच सॉटूथचा लोपास (फक्त खालचे स्वर सोडणारा) आउटपुट मिक्सरमध्ये थोडा खाली ठेवून मिसळला आहे.

हा गांधार कीबोर्डच्या गांधारापेक्षा साडेतेरा सेंटहून जास्त उतरलेला असतो, 349.2 ऐवजी 346.5 हर्ट्झ. आईला हे आकडे ठाऊक नाहीत, पण हार्मोनियमवर रियाज करताना ग ला ती नेहमी तोंड वाकडं करते, आणि परवा केलं नाही.

पंचम कानानं

पंचमासाठी क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या सेमिटोनवर आणणारा) काढून टाकला. तो सात सेमिटोन म्हणजे 0.583 व्होल्ट देतो, शुद्ध पंचमाला 0.585 लागतात. फरक 1.6 मिलिव्होल्टचा, पण तेवढ्यानं खर्जाचा सहावा आणि पंचमाचा चौथा हार्मोनिक भिडतात तिथे दर दोन सेकंदांनी एक हेलकावा येतो. दहा वेढ्यांचा प्रिसेट (स्क्रूनं फिरवायचा बारीक नॉब) लावला आणि हेलकावा थांबेपर्यंत फिरवला. तानपुऱ्याचा मणी सरकवताना हेच करतो आपण.

तापमानाबद्दल थोडक्यात. 3340 च्या आधी मी दोन ट्रान्झिस्टरचा साधा एक्सपोनेन्शियल कन्व्हर्टर (व्होल्टेजचं स्वरात रूपांतर करणारा) करून पाहिला होता. तापमान 1 अंशानं बदललं की व्होल्ट-सप्तकाचं प्रमाण सुमारे 0.33 टक्के हलतं, म्हणजे मूळ स्वरापासून तीन सप्तकं दूर 12 सेंटचा फरक. पंखा लावला तरी कळायचं. 3340 मध्ये याची भरपाई चिपमध्येच आहे. तरी सुरू केल्यावर अर्धा तास थांबते, मगच लावते.

पीटी 2399 ची एको चिप तार म्हणून वापरायचा प्रयत्न सोडून दिला. खर्जाला एका कंपनाएवढा, म्हणजे 14.4 मिलिसेकंदांचा डिले लागतो, ती चिप 30 च्या खाली नीट येत नाही.

छेडीचा वेग

क्लॉक (पायऱ्या पुढे सरकवणारा ठोका) अगदी समान ठेवला तर तानपुरा वाजवणारं माणूस नाहीसं होतं. पंचम मधल्या बोटानं छेडतात, बाकीच्या तीन तारा तर्जनीनं. बोट बदलताना जो अवधी जातो तो ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असतो. म्हणून चौथ्या पायरीनंतर थोडा थांबा देते, आणि एक अतिशय संथ एलएफओ क्लॉकच्या वेगाला किंचित हलवतो. एक फेरी साधारण पाच सेकंदांची. ही मात्रा ठरवायला आईला आज्जीचा तानपुरा छेडायला लावून अर्धा तास रेकॉर्ड केलं आणि लहरी पडद्यावर मोजल्या. ती कधीच दोनदा सारखं छेडत नाही.

कोल्हापुरात राहून हे करताना मनात एक गोष्ट सतत असते. 1883 पासूनच्या देवल क्लब या संगीतसंस्थेचं हे गाव, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले ते इथे. इतक्या जणांनी इथे तानपुऱ्याखाली बसून कान तयार केले. आणि सिंथेसायझरही आपल्याला अगदी परका नाही. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी 1969 मध्ये मूग सिंथेसायझर मांडून दिला होता, आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांनी त्यावर काम केलं. त्या ध्वनिफिती ऐकल्या तेव्हा मला फार बळ आलं.

राहिलेलं काम: तिसरा आणि चौथा ऑसिलेटर, म्हणजे प्रत्येक तारेला पूर्ण फेरीची गुंज मिळेल. पीसीबी (सर्किट बोर्ड) मागवल्यात, पॅनेल अण्णा दिवाळीआधी काढतो म्हणालेत. आणि फिल्टरचा उतार. तो आत्ता सरळ उतरतो, खऱ्या तारेत काही हार्मोनिक विरून पुन्हा डोकावतात. त्यासाठी दुसरा एन्व्हलप उलटा करून मिसळून पाहणार आहे. कुणी केलं असेल तर ॲटेन्युएटरची मापं कळवा.

काल सकाळी आई रॅकसमोर बसून भैरव आळवत होती. मी चहा घेऊन आत गेले तर तिनं डोळे न उघडता पंचमाच्या प्रिसेटकडे बोट केलं. "जरा चढलाय." मी स्क्रूड्रायव्हरनं पाव वेढा खाली आणला. ती पुढे गात राहिली.