नोंद आढळून येत नाही

कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षासाठी आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. पुढची 30 वर्षं दप्तर संगणकावर कसं सांभाळायचं, हा विषय. साहेबांच्या टेबलावर कोटेशनं पडली होती आणि सगळी चर्चा सर्व्हर केवढा आणि स्कॅनर मिनिटाला किती पानं ओढतो यावर चाललेली. अशा बैठकांत सूची, म्हणजे कुठली नोंद कुठल्या बुकात आहे याची यादी, हा शब्द कुणी काढत नाही, कारण तिचं कोटेशन येत नाही.

2023 सरत आलं होतं. राज्यभर कुणबी नोंदींचा शोध चालू होता आणि व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जातीच्या दाखल्याला 1967 पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो बऱ्याचदा गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात सापडतो. जन्म-मृत्यूच्या नोंदीतच जात लिहिलेली असते. या कार्यालयातली कोतवाल बुकं फार पूर्वी स्कॅन होऊन सूचीसकट संगणकात चढलेली होती.

बैठक चालू असतानाच कारकून सहीला पत्र घेऊन आला. ‘आपण मागणी केलेली नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ अर्जदार पन्हाळा तालुक्यातल्या पोर्ले तर्फ ठाण्याचा, आजोबांचं नाव सर्जेराव. साहेबांनी पेन उघडलं.

तेवढ्यात चहा घेऊन आलेले रेकॉर्डचे मामा म्हणाले, “सायेब, पोर्ल्याचं बुक हाय की ओ. त्यो गठ्ठा मीच बांधलाय.”

“मामा, सिस्टीमला दाखवत नाही.”

“सिस्टीमचं मला काय म्हाईत न्हाई. बुक हाय.”

मामा गेले आणि लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा घेऊन आले. रकाने ओळीनं बघत गेलो, आणि नोंद सापडली. अर्जदार पोरगा दारातच उभा होता. त्याच्याकडे बघायचं सगळ्यांनीच टाळलं.

आता खरं काम माझं होतं. मी शोधाचा पडदा बंद केला आणि सूचीचा मूळ तक्ता उघडून बुकाच्या क्रमांकावरून खाली येत गेले. नोंद होती. पानाचा फोटोही लख्ख होता. फक्त गावाचं नाव होतं ‘पोलेर् तफर् ठाणे’ आणि आजोबा होते ‘सजेर्राव’.

जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला की ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’ होतं, हे मराठीत टाइप करणाऱ्या कुणालाही माहीत असेल. इथे तेच झालं होतं. मूळ सूची युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवली जात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललं, तेव्हा ज्या एजन्सीनं सूची रूपांतरित केली तिनं वेलांटी हलवली आणि रफार होता तिथेच राहू दिला. मग अर्जुनचा झाला अजुर्न, पार्वतीची पावर्ती. रफार नसलेले पाटील, कांबळे, चौगुले बिनबोभाट सापडत राहिले. म्हणूनच यंत्रावर कुणाला शंका आली नाही. सगळंच बिघडलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

साहेब बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग त्यांनी जे विचारलं, ते मला सुचलं नव्हतं. “मॅडम, म्हणजे आजपर्यंत अशी पत्रं किती गेली असतील?”

त्यांनी जावक नोंदवही मागवली. दुपारचं जेवण राहिलं बाजूला. कारकून, मामा आणि मी ‘आढळून येत नाही’ची पत्रं काढत बसलो आणि नाव किंवा गावात रफार दिसला की पेन्सिलनं खूण करत गेलो. खुणा थोड्या नव्हत्या.

त्या रात्री मी आराखडा नव्यानं लिहायला घेतला. सर्व्हरचा भाग एका परिच्छेदात आटोपला. तो सहा-सात वर्षांत बदलणारच आहे. पानंच्या पानं गेली ती डेटाच्या स्थलांतरावर, म्हणजे तो एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यावर. सॉफ्टवेअर बदलताना जुनी सूची पुसायची नाही, नवीशेजारी तशीच ठेवायची. रूपांतर झालं की रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरांच्या नावांची वेगळी यादी मूळ बुकाशी ताडून पाहायची, आणि ते मामांसारख्या माणसानं, एजन्सीच्या माणसानं नव्हे. पानांची मूळ प्रत टिफ या चित्राच्या स्वरूपात, वापरायची प्रत पीडीएफ/ए या पीडीएफच्या प्रकारात. हा प्रकार दीर्घकाळ जपणुकीसाठीच 2005 मध्ये आयएसओ 19005 म्हणून प्रमाणित झाला. कंत्राट संपताना सगळा डेटा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा साध्या स्वरूपात परत मिळाला पाहिजे, नाहीतर शेवटचं बिल निघणार नाही. एक प्रत जिल्ह्याबाहेर. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेली होती, तिथली धोक्याची पातळी 43 फूट, आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तरी कोटेशनवाल्यांनी दुसरी प्रत त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर धरली होती.

सूचीचा छापील संचही ठेवा, असं मी लिहिलं. त्यावर लेखा शाखेचा शेरा आला: ‘संगणकीकरणानंतर छपाईचे प्रयोजन काय?’ साहेबांनी त्याखाली पोर्ल्याच्या पत्राचा जावक क्रमांक लिहिला आणि खर्च मंजूर केला.

खूण केलेल्या अर्जदारांना पुन्हा पत्रं गेली. काहींच्या नोंदी निघाल्या, काहींच्या खरोखरच नव्हत्या. काही पत्रं ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली. त्यांच्या नकला काढून ठेवल्या आहेत.