कानातला आवाज, सभागृहातला आवाज

ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाकडे प्रेक्षक वळून पाहतात ते स्पीकरमधून शिट्टी वाजल्यावरच. एरवी तो सभागृहाच्या मागच्या अंगाला मिक्सरसमोर बसलेला आहे आणि त्याच्या कानावर हेडफोन आहे, हे कोणाच्या ध्यानातही नसते. गाण्याच्या बैठका, हौशी नाटके, नवरात्रातले भक्तिगीतांचे कार्यक्रम आणि लांबत जाणारे सत्कारसमारंभ यांची कोल्हापुरात कधीच वाण नव्हती. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता डिजिटल मिक्सर आले आहेत आणि त्यांच्यामागे बसणाऱ्या माझ्यासारख्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आवाज तर सगळ्यांना येतोय की ओ, मग तुम्ही कानाला काय लावून बसलाय?"

याचे उत्तर प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे एकेका माईकसाठी मिक्सरवर राखलेल्या पट्टीवर, असलेल्या सोलो नावाच्या छोट्या बटणात आहे. ते दाबले की त्या एका माईकचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये येतो आणि सभागृहाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यातही पीएफएल (प्री-फेडर लिसन) ही पद्धत निवडलेली असेल, तर आवाज फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीच्या, आधीच उचलला जातो. म्हणजे फेडर तळाला असला, माईक श्रोत्यांसाठी पूर्ण बंद असला, तरी मला तो स्वच्छ ऐकता येतो. निवेदिकेच्या पदराला लावलेला कॉलर माईक ती रंगमंचावर जाण्याआधीच तपासता येतो, तो याचमुळे. मंगळसूत्राचे मणी माईकच्या टोकावर घासत असतील, तर बोलताना दर दोन शब्दांमागे एक किरकिर उमटते. ती पहिल्यांदा माझ्याच कानात उमटावी आणि माझ्या सहायकाने विंगेत जाऊन "ताई, माईक जरा वर लावूया" एवढे सांगावे, इतकीच अपेक्षा असते. विंगेत उभ्या असलेल्या नटांना मात्र आपला माईक कोणीतरी ऐकत असेल याचे भान नसते. दिग्दर्शकाविषयीची त्यांची खरी मते आणि प्रयोगानंतर मिसळ कुठे खायची याच्या मसलती मी पुष्कळ ऐकल्या आहेत. हेडफोनमध्ये ऐकलेले हेडफोनमध्येच ठेवायचे, हा आमच्या धंद्याचा कुठेही न लिहिलेला नियम आहे.

पीएफएलचा भाऊ म्हणजे एएफएल (आफ्टर-फेडर लिसन). तो फेडरच्या नंतरचा आवाज ऐकवतो, त्यामुळे त्या वाद्याला एकूण मिश्रणात मी किती वाटा दिला आहे तेही कळते. तिसरा प्रकार जरा दांडगा आहे. त्यात सोलो दाबले की बाकीचे सगळे चॅनेल मुख्य स्पीकरमधूनच बंद होतात. तालमीत किंवा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्याचा उपयोग होतो, पण भर बैठकीत चुकून दाबले गेले, तर गायिका तोंड हलवते आहे आणि सभागृहात नुसता तानपुरा वाजतो आहे, असा देखावा उभा राहील. तो पर्याय कार्यक्रमाआधी बंद करून ठेवावा, हे बरे.

सोलोचा मोह मात्र आवरावा लागतो. तबल्याचा डग्गा एकटा ऐकला, की त्याची घुमारदार भरीव आस आणखी वाढवावीशी वाटते. ती वाढवली, की मिश्रणात नेमकी तानपुऱ्याची खालची गुंज तिच्याखाली दबून जाते. पेटी एकटी ऐकली तर कर्कश वाटते, म्हणून तिची धार काढावी, तर सगळे मिळून वाजू लागल्यावर ती कुठे आहे ते शोधावे लागते. सोलोमध्ये टोन ठरवणे म्हणजे कांदा-लसूण चटणी नुसती चाखून तांबड्या रश्शाचा अंदाज बांधण्यासारखे आहे. दोष शोधायला सोलो, निर्णय घ्यायला सभागृह, अशी वाटणी मी करून टाकली आहे; निर्णयाच्या वेळी हेडफोन गळ्यात उतरवून ठेवतो.

हेडफोन आणि सभागृह यांच्यात आणखी एक तंटा असतो, तो वेळेचा. साधारण 20 अंश तापमानाला ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. माझे टेबल स्पीकरपासून 30 मीटरवर असेल, तर सभागृहातला आवाज माझ्यापर्यंत यायला सुमारे 87 मिलिसेकंद लागतात, आणि हेडफोनमध्ये तोच आवाज तारेतून जवळजवळ लगेच येतो. तबल्याच्या दायाची एकच थाप मग दोनदा ऐकू येते, आधी कानात आणि मागाहून हवेतून; द्रुत लयीत तर डोके भणाणते. अनेक डिजिटल मिक्सरवर मॉनिटरच्या विभागात हेडफोनचा आवाज तेवढाच उशिरा सोडण्याची सोय असते. ती वापरली की दोन्ही थापा एकमेकींवर बसतात. बाहेरगावाहून आलेले ध्वनिवाले हा विभाग सहसा उघडूनही पाहत नाहीत, याचे मला नवल वाटते.

आता मीटर, म्हणजे मिक्सरवर सिग्नलची पातळी दाखवणारे दिवे. गणपतीच्या मिरवणुका जवळ आल्या की शहरात डेसिबलची चर्चा सुरू होते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 हे आकडे दिलेले आहेत. त्यामुळे माझ्या मिक्सरवर उणे 18 वाचून एखादे कार्यकर्ते बुचकळ्यात पडतात. पण हे माप हवेतल्या आवाजाचे नव्हे, यंत्राच्या आतल्या सिग्नलचे आहे. इथे शून्य हे छत आहे आणि सगळे मोजमाप त्या छतापासून खाली चालते. उणे 18 किंवा उणे 20 च्या आसपास सरासरी ठेवली, की गायिकेने अचानक तार षड्ज लावला तरी वर पुरेशी जागा शिल्लक राहते. आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते तिथे शून्याच्या वर मोजायला आकडाच उरत नाही, त्यामुळे लहरीचे माथे सपाट कापले जातात आणि आवाज फाटतो. तो फाटलेला आवाज फेडर खाली ओढून शिवता येत नाही. गेनच, म्हणजे माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते प्रमाणच, कमी करावा लागतो, आणि तोही फाटण्याच्या आधी.

1939 साली अमेरिकेत नभोवाणीसाठी ठरवलेल्या व्हीयू मीटरची सुई आपल्या जागी पोचायला सुमारे 300 मिलिसेकंद घेत असे. तेवढ्या वेळात तबल्याच्या थापेचा पहिला तडाखा वाजून गेलेला असतो. माणसाला आवाज किती मोठा वाटतो, हे सांगायला ती सुस्त सुई बऱ्यापैकी भरवशाची होती. छताला कोण धडकले, हे मात्र क्षणिक उच्चांक टिपणारे डिजिटलचे चपळ पीक मीटरच सांगू शकते. दोघांच्याही आधी याच गावात माप वेगळेच होते. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या आणि 1915 मध्ये सुरू झालेल्या पॅलेस थिएटरात, म्हणजे नंतरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या छातीने पोचावे लागे. तिथे मीटर म्हणजे शेवटच्या रांगेतला रसिक, आणि तो नापसंती लपवून ठेवत नसे.

मीटरचे अडाणीपण एकाच ठिकाणी उघडे पडते : त्याला किती ते कळते, काय ते कळत नाही. यमन गाताना जो हिरवा दिवा लागतो, तोच खराब अर्थिंगमुळे येणाऱ्या 50 हर्ट्झच्या गुणगुणीलाही लागतो. म्हणून डोळा आणि कान यांना जोडीने कामाला लावावे लागते. कोणी "पेटीचा आवाज येईना" म्हणून ओरडले, की मी आधी इनपुटचे मीटर बघतो. ते हलत नसेल, तर माईक किंवा केबलकडे पोराला धाडतो. मीटर हलते आहे आणि सोलोवर पेटी स्वच्छ ऐकू येते आहे, तर रंगमंचावर धावपळ करण्यात अर्थ नाही; घोटाळा माझ्याच टेबलावर, म्यूट, फेडर किंवा आउटपुटच्या जोडणीत कुठेतरी आहे. मीटर फेडरच्या आधीचे दाखवते आहे की नंतरचे, हे ठाऊक नसेल तर ही सारी तपासणी व्यर्थ जाते, कारण फेडर तळाला असतानाही आधीचे मीटर हिरवेगार नाचत राहते.

तरीही सोलोचा मला सर्वांत आवडणारा उपयोग चॅनेलवर नाही, तो कलाकारांच्या मॉनिटरला, म्हणजे त्यांना ऐकू यावे म्हणून रंगमंचावर ठेवलेल्या स्पीकरला, जाणाऱ्या ऑक्स नावाच्या वेगळ्या वाटेवर आहे. ऑक्सच्या मास्टरवर सोलो दाबले, की त्या कलाकाराकडे पाठवलेले मिश्रण जसेच्या तसे मला ऐकू येते. क्षणभर मी त्याच्या जागी जाऊन बसतो. एका बैठकीत गायिकेने हाताने खूण करून तानपुरा वाढवायला सांगितले, थोड्या वेळाने पुन्हा सांगितले. मीटरप्रमाणे तिच्या मॉनिटरला सिग्नल भरपूर जात होता. तिचा ऑक्स कानात घेतल्यावर उलगडा झाला : तानपुरा मुबलक होता, पण पेटी त्याच्यावर ठाण मांडून बसली होती. मी तानपुऱ्याला हातही न लावता तिच्या ऑक्समधली पेटी चार डेसिबलने उतरवली. तिने वळून मान डोलावली आणि विलंबित पुढे सुरू केले. तबलजींच्या मॉनिटरमधली पेटी मात्र होती तेवढीच ठेवली, कारण लेहऱ्यासाठी, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणाऱ्या धुनेसाठी, ती त्यांनी सुरुवातीलाच मागून घेतली होती.